छोट्या रोटरचा डायनॅमिक अनबॅलन्स जॉबला धक्का न लावता कसा मोजायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटे इम्पेलर (पात्यांची चाकं), मिक्सरची आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग), स्पिंडलचे पार्ट, ड्रोनच्या मोटरी असल्या रोटरचं, म्हणजे फिरणाऱ्या जॉबचं, बॅलन्सिंग आम्ही करतो आणि रोज फोनवर साधारण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: ५० ग्रॅमचा, ४० मिमी व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा इम्पेलर, चालायचा स्पीड ३०,००० आरपीएम. तुमचा जॉब वेगळा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

डायनॅमिक अनबॅलन्स म्हणजे नक्की काय? स्टॅटिक आणि डायनॅमिकमध्ये फरक काय?

लहानपणी भोवरा फिरवला असेल तर अर्धं तुम्हाला आधीच माहितीये. आर जरा बाजूला बसली की भोवरा थरथरतो, कारण वजनाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य एका रेषेत राहत नाही. हा झाला स्टॅटिक अनबॅलन्स, जॉब फिरवला नाही तरी असतो, दोन सुरीधारांवर शाफ्ट ठेवला की जड बाजू आपोआप खाली येते.

आता समजा शाफ्टच्या डाव्या टोकाला वरच्या बाजूला जास्तीचं वजन आहे आणि उजव्या टोकाला तेवढंच वजन खालच्या बाजूला आहे. सुरीधारांवर ठेवलात तर जॉब कुठेही शांत उभा राहतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार बॅलन्स झालाय, पण फिरवला की एक टोक वर ओढलं जातं आणि दुसरं खाली, आणि दर फेऱ्याला हे उलटसुलट होत राहतं. हा कपल अनबॅलन्स. खऱ्या जॉबमध्ये दोन्ही मिसळून असतात आणि त्या मिसळीलाच डायनॅमिक अनबॅलन्स म्हणायचं. तो कळण्यासाठी जॉब फिरवायलाच लागतो आणि रीडिंग दोन प्लेनमध्ये, म्हणजे शाफ्टच्या लांबीवरच्या दोन वेगळ्या जागी, घ्यायला लागतं.

नॉन-डिस्ट्रक्टिव्ह म्हणजे काय? अनबॅलन्स मोजायला कोणी जॉब कापतं का?

मोजायला कापत नाही कोणी, पण बऱ्याच ठिकाणी मोजणं आणि दुरुस्ती एकाच झटक्यात होतं. मशीनवर लावला, आकडा आला, लगेच ड्रिल मारलं, परत फिरवला, परत ड्रिल. मोठ्या फ्लायव्हीलला हे चालून जातं. पण आपल्या इम्पेलरमधून १० मिमी रेडियसवर ४ मिलिग्रॅम काढायचं म्हणजे दीड मिमीच्या ड्रिलने जेमतेम ०.८ मिमी खोल भोक, आणि ते भोक चुकीच्या जागी पडलं तर परत भरता येत नाही. म्हणून आम्ही मोजमापाचं काम पूर्ण वेगळं ठेवतो: जॉबवर ओरखडा नाही, भोक नाही, न निघणारी खूण नाही, आणि मोजून झाल्यावर जॉब जसा आला तसा परत देता आला पाहिजे. इन्स्पेक्शनला आलेला लॉट, कस्टमरशी वाद चालू असलेला लॉट, कोटिंग झालेले पार्ट, यांना तर दुसरा मार्गच नाही.

ड्रॉइंगवर "जी २.५" लिहिलंय. म्हणजे किती ग्रॅम?

नुसते ग्रॅम कधीच नसतात, ग्रॅम गुणिले रेडियस असतं. १ ग्रॅम जास्तीचं वजन १० मिमीवर असेल तर १० ग्रॅम-मिमी, तेच २० मिमीवर असेल तर २० ग्रॅम-मिमी.

जी (G) ग्रेड म्हणजे बॅलन्स किती काटेकोर हवा त्याची पायरी, या ग्रेड आयएसओ २१९४०-११ या आंतरराष्ट्रीय मानकातनं येतात, आधी हेच आयएसओ १९४०-१ होतं आणि जुन्या ड्रॉइंगवर अजून तोच नंबर दिसतो. जी च्या पुढचा आकडा म्हणजे वजनाच्या मध्याचा मिमी प्रति सेकंदातला वेग. त्यामुळे स्पीड वाढला की त्याच ग्रेडला परवानगी कमी होत जाते. शॉप फ्लोअरवर लक्षात ठेवायचा फॉर्म्युला एकच: ९५४९ गुणिले ग्रेड गुणिले किलोमधलं वजन, भागिले आरपीएम, उत्तर ग्रॅम-मिमी मध्ये.

आपल्या इम्पेलरला ९५४९ × २.५ × ०.०५ ÷ ३०,००० केलं की ०.०४ ग्रॅम-मिमी येतं, म्हणजे ४० मिलिग्रॅम-मिमी. १० मिमी रेडियसवर ४ मिलिग्रॅम, मोहरीचे एक-दोन दाणे. आणि हेच वजनाने भागलं तर वजनाचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून फक्त ०.८ मायक्रॉन सरकायची परवानगी आहे. हा ०.८ मायक्रॉन लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे हाच आडवा येणार आहे.

जाता जाता, मशीन टूलचे ड्राइव्ह जी २.५ मध्ये येतात, ग्राइंडिंग मशीनचे ड्राइव्ह जी १ मध्ये, आणि जायरोस्कोप, अतिप्रिसिजन स्पिंडल वगैरे जी ०.४ मध्ये. ड्रॉइंगवर ग्रेड आहे पण स्पीड लिहिलेला नाही असं फार वेळा येतं, अशा ड्रॉइंगवरून काहीच काढता येत नाही, आधी कस्टमरला विचारून घ्या.

मोहरीच्या दाण्याएवढ्या वजनासाठी एवढी धडपड कशाला?

कारण जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. ४० मिलिग्रॅम-मिमी ३०,००० आरपीएमला साधारण ४० ग्रॅम वजनाएवढा जोर लावतो आणि तो सेकंदाला ५०० वेळा दिशा फिरवतो. जॉब स्वतः ५० ग्रॅमचा! तोच अनबॅलन्स २०० झाला तर जॉबच्या वजनाच्या चौपट जोर छोट्याशा बेअरिंगवर बसतो, आवाज येतो, बेअरिंग गरम होतं, आयुष्य घटतं, आणि मग माणसं बेअरिंगवाल्या कंपनीला दोष देत बसतात.

मग मोजताना ३०,००० ला फिरवायलाच लागतो का?

नाही. जॉब रिजिड असेल, म्हणजे चालायच्या स्पीडला वाकत नसेल, तर अनबॅलन्सचा आकडा स्पीडवर अवलंबून नसतो, ३,००० ला मोजला तरी तोच. स्पीडवर अवलंबून असतो तो जोर. बहुतेक छोटे आखूड पार्ट या रिजिड गटात बसतात. लांब बारीक शाफ्ट, जो क्रिटिकल स्पीडच्या (ज्या स्पीडला शाफ्ट स्वतःच जोरात थरथरायला लागतो त्याच्या) जवळ चालतो, त्याची गोष्ट वेगळी आणि त्याच्यासाठी २१९४० चाच वेगळा भाग आहे, तो १२ वा.

पण स्पीड कमी केला की सिग्नल पण मरतो हे विसरू नका. ३०,००० च्या जागी ३,००० केलं तर जोर शंभरावा भाग, म्हणजे ४० ग्रॅमच्या जागी ०.४ ग्रॅम. एवढुसा जोर शेजारच्या प्रेसच्या धक्क्यांतून वेगळा काढायचा असतो.

सॉफ्ट बेअरिंग मशीन चांगलं की हार्ड बेअरिंग?

छोट्या जॉबला माझं मत सॉफ्ट. हार्ड बेअरिंगमध्ये आधार एकदम ताठ असतो आणि मशीन जोर मोजतं, एकदा कॅलिब्रेट केलं की जॉब बदलला तरी फक्त मापं टाकायची, लॉट सारखे बदलणाऱ्या शॉपला ते फार सोयीचं. सॉफ्टमध्ये जॉब जवळजवळ झोपाळ्यावर ठेवल्यासारखा असतो, झोपाळ्याच्या रेझोनन्सच्या (ज्या स्पीडला झोपाळा सगळ्यात जास्त डोलतो त्याच्या) बऱ्याच वरच्या स्पीडला फिरवायचा, मग जॉब स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती फिरू बघतो आणि आधार जेवढा हलेल ते हलणं मोजायचं. यात झोपाळा जेवढा हलका तेवढं बरं. ५० ग्रॅमच्या जॉबखाली ५० ग्रॅमचाच झोपाळा असेल तर ०.८ मायक्रॉनचं हलणं अर्ध्यावर येतं, आणि झोपाळा अर्धा किलोचा असेल तर जवळजवळ काही उरतच नाही. मोठ्या आर्मेचरसाठी घेतलेल्या मशीनवर छोटा जॉब लावून "झिरो आला" म्हणणारे लोक इथेच फसतात.

आमच्या जॉबला स्वतःचा शाफ्ट नाही, मॅन्ड्रेलवर (बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या मधल्या भोकात, घालायच्या वेगळ्या शाफ्टवर) लावून मोजतो. चालेल ना?

चालेल, पण या पानावर काही नीट वाचायचं असेल तर हे वाचा, कारण छोट्या जॉबच्या मोजमापातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. मशीनला जॉब कुठला आणि मॅन्ड्रेल कुठला हे कळत नाही, ते दोघांची बेरीज दाखवतं.

मॅन्ड्रेलची जॉब बसायची सीट डायल गेजवर २ मायक्रॉन रनआउट (एका फेऱ्यात काट्याचा एकूण फरक) दाखवत असेल तर टूलरूमवाला खूश होऊन सर्टिफिकेट देईल. पण २ मायक्रॉन रनआउट म्हणजे जॉब १ मायक्रॉन बाजूला बसला, आणि ५० ग्रॅम गुणिले १ मायक्रॉन म्हणजे ५० मिलिग्रॅम-मिमी. आपल्याला परवानगी ४० ची. म्हणजे जॉब अगदी परफेक्ट असला तरी रिजेक्ट! त्यात बोअर आणि मॅन्ड्रेलमध्ये ढिलेपणा असेल तर बघायलाच नको, व्यासात ४ मायक्रॉन ढिलं म्हणजे मध्य २ मायक्रॉनपर्यंत कुठेही सरकू शकतो, १०० मिलिग्रॅम-मिमीची चूक, आणि तीही दर वेळी नवीन दिशेला.

यावर उपाय म्हणजे इंडेक्सिंग. जॉब मॅन्ड्रेलवर एकदा लावून रीडिंग घ्यायचं, मग मॅन्ड्रेल तसाच ठेवून फक्त जॉब १८० अंश फिरवून लावायचा आणि परत रीडिंग घ्यायचं. मॅन्ड्रेलचा भाग दोन्ही वेळा त्याच दिशेला राहतो, जॉबचा भाग उलटतो. दोन्ही रीडिंगांची वेक्टर बेरीज (कोनासकट, बाण काढून) करून अर्धी केली की मॅन्ड्रेलचा वाटा, वजाबाकी करून अर्धी केली की जॉबचा वाटा.

एक लॉट माझ्याकडे आला होता, दुसरीकडे मोजून पूर्ण रिजेक्ट झालेला. पहिलं रीडिंग ५८ मिलिग्रॅम-मिमी, ३१ अंशावर. जॉब फिरवून लावला, परत ५८, पण आता ३२९ अंशावर. मालक बाजूला उभे होते, म्हणाले बघा दोन्ही वेळा ५८, म्हणजे खराबच आहे. कागदावर बाण काढून दाखवले तेव्हा कळलं की त्यातले ५० मॅन्ड्रेलचे होते, ० अंशावर, आणि जॉबचे फक्त ३०. जॉब पास! त्यांनी तोपर्यंत काही जॉबना ड्रिल मारून "दुरुस्त" केलं होतं, म्हणजे मॅन्ड्रेलची चूक चांगल्या जॉबमध्ये खोदून ठेवली होती, आणि ते जॉब आता खरोखरच टॉलरन्सच्या बाहेर गेले होते. ते बघून फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून पहिल्या पिसला इंडेक्सिंग केल्याशिवाय मी कुठल्याही लॉटचा आकडा सांगत नाही.

दोन प्लेन असतील तर हेच दोन्ही प्लेनला वेगवेगळं करायचं. या सगळ्या चुकांचा हिशोब आयएसओ २१९४०-१४ मध्ये दिलाय. आणि ढिल्या मॅन्ड्रेलच्या जागी हायड्रॉलिक एक्सपान्शन किंवा टेपरचा घ्या, निदान चूक दर वेळी एकाच जागी तरी येईल, मग ती वजा करता येते. जागा बदलणारी चूक वजा करता येत नाही.

तोच जॉब काढून परत लावला की वेगळं रीडिंग येतं. मशीन बिघडलंय का?

आधी जॉब न काढता तीनदा चालू-बंद करून बघा. तीनही रीडिंग सारखी आली तर मशीन बरंय, गडबड लावण्यात आहे. मग जॉब काढून लावून पाच वेळा करा आणि पाचही ठिपके कागदावर गोल काढून त्यात टाका, कोनासकट. नुसते आकडे लिहू नका, आकडा सारखा आणि कोन भलतीकडे असं होतं आणि यादीत ते दिसत नाही. ठिपक्यांचा पुंजका टॉलरन्सच्या गोलाच्या मानाने लहान पाहिजे, पुंजका गोलाएवढाच असेल तर त्या सेटिंगवर पास-फेल सांगणं म्हणजे नाणं उडवणं.

कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. बोअरमधली बर (कापताना राहिलेला धातूचा कंगोरा), सीटवर चिकटलेली चिप, नट वेगळ्या टॉर्कने आवळलेला, आणि कूलंट. पाण्याचा छोटा थेंब सहज २० मिलिग्रॅमचा असतो, तो ब्लेडच्या मुळाशी १० मिमीवर राहिला तर २०० मिलिग्रॅम-मिमी, आपल्या टॉलरन्सच्या पाचपट. पावसाळ्यात धुऊन आलेले पार्ट आतल्या खाचांत सुकतच नाहीत, आम्ही हवा मारून, थोडं गरम करून, खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच लावतो.

जॉब पातळ चकतीसारखा आहे, एका प्लेनमध्ये मोजलं तर पुरे का?

कधी कधी. चकती शाफ्टवर अगदी काटकोनात बसत असेल आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब असतील तर एक प्लेन चालतं. पण "पातळ आहे म्हणून" एवढंच कारण पुरत नाही. आपला इम्पेलर १५ मिमी जाड धरा आणि तो थोडा तिरका बसलाय, कडेला फेस रनआउट (सपाट बाजूचं मागेपुढे डोलणं) ०.०२ मिमी. डोळ्याला काय, बऱ्याच वेळा डायललाही कोणी मनावर घेत नाही. पण त्या तिरपेपणाने साधारण २ ग्रॅम-मिमी वर्गाचं कपल तयार होतं, ५० मिमी अंतरावरच्या बेअरिंगना ते प्रत्येकी ४० मिलिग्रॅम-मिमी उलटसुलट दिशेला जाणवतं. पूर्ण जॉबला जेवढी परवानगी होती तेवढं प्रत्येक बेअरिंगपाशी, आणि एका प्लेनच्या मोजमापात यातलं काहीच दिसत नाही, तिथे झिरो येतो. म्हणून नवीन डिझाइनचा जॉब असेल तर निदान पहिले काही पीस दोन प्लेनमध्ये मोजून बघा, कपल खरंच नगण्य आहे हे कागदावर आलं की मग पुढे एक प्लेन करा.

कोन कळण्यासाठी रिफ्लेक्टिव्ह टेप लावतात ती चालेल?

मोठ्या जॉबला खुशाल. छोट्याला नको. ५ बाय ५ मिमीचा तुकडा, जाडी ०.१५ मिमी धरली तरी ४ मिलिग्रॅमच्या आसपास वजन होतं, म्हणजे १० मिमीवर तुमचा सगळा टॉलरन्स त्या टेपनेच खाल्ला. मार्करचा बारीक काळा ठिपका मारा आणि ऑप्टिकल सेन्सरने तो पकडा, नंतर स्पिरिटने पुसून टाका. त्याहून चांगलं म्हणजे जॉबवर खाच, की-वे (की म्हणजे शाफ्टवर पुली अडकवायची पट्टी, तिची खोबण), सपाट बाजू असं काही आधीच असेल तर त्याचाच उपयोग करा. किंवा खूण मॅन्ड्रेलवर ठेवा, तिचं वजन मॅन्ड्रेलच्या वाट्यात जातं आणि इंडेक्सिंगमध्ये निघून जातं.

की-वे वरून आठवलं, शाफ्टला की-वे असेल तर मोजताना अर्धी की भरून मोजायचं, हा नियम आयएसओ २१९४०-३२ मध्ये आहे. शाफ्टवाला पूर्ण की लावून मोजतो आणि पुलीवाला अर्धी की लावून मोजतो, मग दोघांचे रिपोर्ट पास आणि असेंब्ली थरथरतेय, असं होतं.

ट्रायल वेट लावणं नॉन-डिस्ट्रक्टिव्हमध्ये बसतं का?

बसतं, निघणारं असलं की. मेणाचा ठिपका वापरा, एपॉक्सी पुटी मोजमापाला नको, ती खरवडून काढावी लागते.

पद्धत अशी: मेणाचा ठिपका आधीच लावून ठेवायचा आणि पहिलं रीडिंग मेणासकट घ्यायचं, म्हणजे मेणाचं वजन हिशोबात गडबड करत नाही. मग त्याच मेणात वजन माहीत असलेला तारेचा तुकडा दाबायचा आणि दुसरं रीडिंग घ्यायचं. समजा पहिलं ३ युनिट, ० अंशावर. ५ मिलिग्रॅमचा तुकडा १० मिमीवर लावला, म्हणजे ५० मिलिग्रॅम-मिमी, आणि आता रीडिंग ४ युनिट, ९० अंशावर. दोन बाणांच्या टोकांमधलं अंतर शाळेतल्या ३-४-५ च्या त्रिकोणासारखं ५ युनिट. म्हणजे ५० मिलिग्रॅम-मिमीने ५ युनिट हललं, एका युनिटला १०, आणि मूळचा अनबॅलन्स ३० मिलिग्रॅम-मिमी. मग तुकडा काढून तिसरं रीडिंग घ्या, ते पहिल्यासारखंच आलं पाहिजे, नाही आलं तर मधल्या वेळात काहीतरी हललंय आणि सगळं परत करा. हे तिसरं रीडिंग घ्यायचा लोक कंटाळा करतात, कृपा करून करू नका. शेवटी मेण काढलं की जेवढं त्याचं वजन तेवढा फरक पडणार, तर ठिपका अगदी बारीक ठेवा आणि त्याचं वजन पण नोंदवून ठेवा.

५ मिलिग्रॅम वजन आणायचं कुठून? सोनाराच्या काट्यावर नीट येत नाही.

नाहीच येणार, १ मिलिग्रॅमच्या काट्यावर ५ मिलिग्रॅम मोजलं तर चूक फार मोठी. ०.५ मिमीची तांब्याची तार एक मीटर कापून तिचं वजन करा, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरेल आणि ते सोनाराच्या काट्यावर छान मोजता येतं. मग हिशोबाने ३ मिमी तुकडा कापला की साधारण ५.३ मिलिग्रॅम. व्हर्नियरने लांबी मोजा, वजन लांबीवरून काढा.

जॉब फिरवायचा कशाने, बेल्टने की हवेने?

दोन्ही चालतं. बेल्ट असेल तर पातळ, एकजीव, सांध्याशिवायचा घ्या आणि पुलीचा व्यास जॉबच्या व्यासाएवढा ठेवू नका, नाहीतर पुलीची थरथर जॉबच्याच फ्रीक्वेन्सीवर येते आणि मशीनला दोन्ही वेगळं करता येत नाही. हवेच्या झोताने फिरवला तर बेल्टचा ताण नाही, जॉबला काही घासत नाही, कोटिंगवाल्या पार्टला फार बरं, पण स्पीड स्थिर राहत नाही. आम्ही जॉब स्पीडवर नेऊन हवा बंद करतो आणि तो स्वतःच्या जोरावर मंदावत असताना रीडिंग घेतो. एअर बेअरिंग असेल तर मंदावायला पुष्कळ वेळ मिळतो.

सीएमएमवर (आकाराची मापं घेणाऱ्या मशीनवर) सगळी मापं ०.००१ मध्ये आलीत, मग अनबॅलन्स मोजायची गरज काय?

सीएमएमला आकार कळतो, वजन कुठे आहे ते कळत नाही. कास्टिंगच्या आत ब्लोहोल (हवेची पोकळी) असेल, आर्मेचरच्या वाइंडिंगमध्ये एका बाजूला वार्निश जास्त बसलं असेल, तर आकार परफेक्ट आणि अनबॅलन्स भरपूर.

मोबाईलचं व्हायब्रेशन अ‍ॅप वापरलं तर?

पंखा हलतोय की नाही एवढं बघायला ठीक. ३०,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५०० फेरे, ते पकडायला सेकंदाला हजाराच्या वर सॅम्पल पाहिजेत आणि बऱ्याच फोनमध्ये काहीशेच मिळतात. शिवाय कोन कळत नाही, आणि व्हायब्रेशन म्हणजे अनबॅलन्स नव्हे, तोच जॉब जड बेसवर कमी हलतो आणि हलक्या बेसवर जास्त. ड्रोनवाली मुलं आधी आणि नंतर अशी तुलना करतात, तेवढ्यापुरतं चालतं, ग्रॅम-मिमी मात्र त्यातून निघत नाही.

सुटा पार्ट मोजू की पूर्ण असेंब्ली?

स्पीड जेवढा जास्त तेवढी असेंब्ली महत्त्वाची. गाडीचा टर्बो २ लाख आरपीएमच्या वर जातो, डेंटिस्टचं एअर टर्बाइन ३ ते ४ लाखांपर्यंत, तिथे सुटे पार्ट कितीही छान असले तरी एकत्र बसताना मायक्रॉनचा फरक पडला की सगळं गेलं. म्हणून टर्बोमध्ये चाक आणि शाफ्ट वेगळे बॅलन्स करून झाल्यावर पूर्ण कोअर (बेअरिंगसकट मधला भाग) हवेच्या झोताने त्याच्या स्वतःच्या बेअरिंगमध्ये फिरवून परत तपासतात, त्या रिगला व्हीएसआर (व्हायब्रेशन सॉर्टिंग रिग) म्हणतात.

स्वतःच्या बेअरिंगमध्ये मोजायचा फायदा हा की मॅन्ड्रेलचा प्रश्न जातो. तोटा हा की बॉल बेअरिंगचा स्वतःचा आवाज रीडिंगमध्ये येतो, त्यामुळे जास्त फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज घ्यायला लागतं, आणि बेअरिंग बदललं की आतल्या रिंगच्या रनआउटमुळे आकडा बदलतो. एक मात्र छान होतं, असेंब्लीत दोन पार्ट असतील आणि दोघांचे कोन माहीत असतील तर एकाची जड बाजू दुसऱ्याच्या हलक्या बाजूवर येईल असं बसवता येतं, कुठेही भोक न पाडता. कित्येक लॉट आम्ही नुसते असे फिरवून बसवून टॉलरन्समध्ये आणलेत आणि मला हे काम सगळ्यात आवडतं.

मिक्सरचं आर्मेचर रिवाइंड करून आणलं, आता जार हातात थरथरतो. मोजून मिळेल का?

हो. रिवाइंडिंगमध्ये तांबं आणि वार्निश एका बाजूला जास्त बसतं. दोन टोकांना दोन प्लेन घेऊन मोजतो, कोन खडूने लिहून देतो. दुरुस्ती करायची तर वाइंडिंगच्या टोकांवर बॅलन्सिंगची पुटी लावा, लॅमिनेशन (लोखंडी पत्र्यांचा गाभा) घासायला जाऊ नका.

आमचं मशीन खरं सांगतंय हे कसं ओळखायचं?

दोन टेस्ट आहेत, आयएसओ २१९४०-२१ मध्ये. पहिली, मशीन कमीत कमी किती अनबॅलन्स पकडू शकतं. माहिती असलेलं टेस्ट मास एकाच रेडियसवर गोल फिरत वेगवेगळ्या कोनांवर लावत जायचं आणि दर वेळी रीडिंग घ्यायचं, ग्राफ छान साइन वेव्हसारखा आला पाहिजे, ठिपके वेडेवाकडे उड्या मारायला लागले की समजायचं मशीनची हद्द आली. दुसरी, एका झटक्यात अनबॅलन्सचा किती टक्के भाग मशीन बरोबर ओळखतं. टेस्ट रोटर मात्र तुमच्या जॉबच्या वजनाच्या जवळपासचा पाहिजे, ५ किलोच्या रोटरवर पास झालेलं सर्टिफिकेट ५० ग्रॅमच्या जॉबला काही कामाचं नाही.

रिपोर्टमध्ये काय काय मागून घ्यायचं?

जॉबचं वजन, मोजताना ठेवलेला स्पीड, ग्रेड कुठल्या स्पीडला लावली तो, प्लेन कुठे धरली, प्रत्येक प्लेनचा आकडा कोनासकट, ० अंश जॉबवर कुठे आहे, कशावर लावून मोजला, इंडेक्सिंग केलं का, आणि काढून लावल्यावर किती फरक पडला. नुसतं "जी २.५ ओके" असा शिक्का मारलेला कागद घेऊ नका.

आमच्याकडे पास होतं, कस्टमरकडे फेल. कोणाचं बरोबर?

बहुतेक वेळा दोघांची मशीन बरोबर असतात आणि मॅन्ड्रेल वेगळे असतात. भांडायच्या आधी एकच जॉब घ्या, त्यावर मार्करने ० अंश लिहा, तुमच्याकडे इंडेक्सिंग करून मॅन्ड्रेल आणि जॉब वेगळे काढा, तोच जॉब कस्टमरकडे तसाच करायला सांगा. जॉबचा वाटा दोन्हीकडे आकड्याने आणि कोनाने जवळपास जुळला तर वाद मॅन्ड्रेलचा होता. नाही जुळला तर तुमचा मॅन्ड्रेल जॉबसकट त्यांच्याकडे पाठवा, लाकडी खोक्यात, दोन्ही टोकांना टोप्या घालून, टेम्पोत इतर मालाखाली दाबला जाणार नाही असा, आणि शक्य असेल तर आपला माणूस सोबत पाठवा. तोवर त्या लॉटमधल्या एकाही जॉबला ड्रिल लावू देऊ नका.